पॅचवर निळं येतच राहतं: रायफलच्या नळीतलं तांबं का संपत नाही

"काका, चार दिवस नळी घासतोय, पॅचवर निळं यायचं थांबतच नाही." मुळशीकडच्या एका तरुणाचा हा गेल्या पावसाळ्यातला फोन. (पॅच म्हणजे साफसफाईसाठी नळीतून फिरवायचा कापडाचा चौकोन.) आजोबांची रायफल वारसाने परवान्यावर चढवून घेतलेला मुलगा, हात स्वच्छ, सांगितलेलं सगळं करणारा, आणि तरी रडकुंडीला आलेला. दुसऱ्या तोंडून हीच तक्रार अशी येते: साफ केली की दहा-बारा गोळ्या सुरेख बसतात, मग ग्रुप, म्हणजे निशाण्यावर गोळ्यांचा पडणारा पुंजका, फाकतो, पुन्हा साफ करावी तर पुन्हा तेच. मी स्वतः वडिलांच्या .३१५ रायफलीवर दोन वर्षं या फेऱ्यात अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे कुणासाठी नाही ते आधी. पुण्यात रायफल म्हटलं की बालेवाडीची शूटिंग रेंज डोळ्यांपुढे येते, आणि २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवल्यापासून तिथे नवी मुलं बरीच दिसतात. त्यांच्या .२२ मधली मॅचची काडतुसं साध्या शिशाची असतात, वरून मेणाचा नाहीतर ग्रीसचा हात. त्या नळीत शिसं साचतं, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या जागेच्या) पुढे कार्बनचं कडं धरतं, पण तांब्याचा प्रश्न येत नाही, आणि तांब्यावरचं औषध शिशाला काहीच करत नाही. एअर रायफलच्या नळीत तर सॉल्व्हंट (नळी साफ करायचं रासायनिक द्रव) घालूच नका, आतली सीलं जातात. पुढचं सगळं जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर तांब्याचं आवरण असलेल्या, गोळीच्या रायफलीसाठी आहे. आपल्याकडे ती बहुधा ईशापूरच्या रायफल कारखान्यातली .३१५ असते, आणि तिची काडतुसं आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली.

नळी घासायला घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा. साफ केल्यावर ग्रुप खरंच सुधारतो का? दहा गोळ्यांपुरता का होईना, सुधारत असेल तर दोष साचलेल्या थराचा. साफ करूनही फाकलेलाच राहत असेल तर तांब्याला दोष देऊन उपयोग नाही. मग नळीच्या पुढच्या तोंडाची कड बघा, स्क्रू बघा, लाकूड बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत लाकडी दस्ता आणि पुढचं लाकूड फुगतं, नळीला एका बाजूने टेकतं, आणि गोळीचा मारा सरकायला लागतो. दिवाळीनंतर लाकूड वाळलं की रायफल आपोआप सुधारते आणि माणूस श्रेय सॉल्व्हंटला देतो. मीही एकदा दिलं होतं.

तोंडाच्या कडेबद्दल जास्त सांगायला हवं, कारण जुन्या घरातल्या रायफलींमध्ये हा दोष फार दिसतो. वडील पुल-थ्रूनेच साफ करायचे, दोरी तोंडातून ओढत. दोरी दर वेळी एकाच बाजूला घासली की वर्षानुवर्षांत तिथली कड झिजते. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. टॉर्च धरून तोंड गोल फिरवून बघा. कड सगळीकडे सारखी चमकायला हवी. एका जागी चपटी दिसली तर ते काम परवानाधारक कारागिराचं आहे, घरी करायचं नाही.

आता तांबं. गोळीच्या आत शिसं आणि वर जॅकेट. आज बहुतेक ठिकाणी ते गिल्डिंग मेटलचं असतं, म्हणजे शंभरात ९० ते ९५ भाग तांबं आणि बाकी जस्त. गोळी नळीच्या आतल्या आट्यांमध्ये, म्हणजे वळणदार खाचांमध्ये, दाबली जाऊन सरकते तेव्हा घर्षणाने आणि उष्णतेने त्याचा थोडासा भाग पोलादावर पुसला जातो. गुळगुळीत नळीत हा थर पातळ आणि एकसारखा बसतो, फार वाढत नाही. खडबडीत नळी मात्र खवणीसारखी दर गोळीचा कीस काढते, आणि थरावर थर चढत जातो.

निळा रंग कुठून येतो हे ज्यांच्या घरी कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक राहून कळकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे आंबट पदार्थ तांब्याला खातो, इथे सॉल्व्हंटमधला अमोनिया खातो. अमोनिया आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांबं विरघळवतात आणि गडद निळं संयुग तयार होतं. म्हणजे पॅचवरचं निळं तांबं असल्याचा पुरावा आहे हे खरं. पण ते तांबं कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझी दोन वर्षं नेमकी तिथे गेली.

माझ्या साफसफाईच्या रॉडच्या टोकाला, पॅच अडकवायला, पितळी जॅग होता. पितळेत निम्म्याहून जास्त तांबं असतं. ओला पॅच त्या जॅगवर ताणून बसवायचा, नळीतून ढकलायचा, निळा झालेला बघायचा, पुन्हा ओला करायचा. नळी कधीच चकचकीत झाली होती. मी रोज जॅग विरघळवत होतो. मुळशीच्या त्या मुलाला फोनवर पहिली परीक्षा हीच सांगितली, तुम्हीही करा. पॅच सॉल्व्हंटमध्ये भिजवून जॅगवर बसवा आणि नळीत न घालता, वर्तमानपत्रावर दहा मिनिटं तसाच ठेवा. निळा झाला तर तुमचं निम्मं दुखणं जॅगचं आहे. त्याचा तासाभरात फोन आला. पॅच निळाशार. पितळी, कांस्य असं काहीही तांब्याच्या सॉल्व्हंटबरोबर वापरायचं नाही: जॅग प्लास्टिकचा, नाहीतर निकेलचा मुलामा असलेला, आणि ब्रश नायलॉनचा. बाटलीवर "अमोनियारहित" लिहिलं असलं तरी हे लागू. ती औषधंही तांब्यावरच चालतात, त्यामुळे पितळावरही चालतात.

पण त्याचं दुखणं तेवढ्याने संपलं नाही. नायलॉन ब्रश आणि प्लास्टिकचा जॅग आणल्यावर त्याचे पॅच एका बैठकीत पांढरे यायला लागले. तो खूश. पुढच्या सरावाला आठव्या गोळीला ग्रुप फाकला.

इथे दुसरं कारण येतं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. नळीत फक्त तांबं नसतं. प्रत्येक गोळीमागे जळलेल्या दारूचा कार्बन बसतो, त्यावर पुढच्या गोळीचं तांबं पुसलं जातं, त्यावर पुन्हा कार्बन. चिरोट्याला जसे पदर सुटतात तसे हे पदर असतात. तांब्याचं सॉल्व्हंट वरचं तांबं खातं आणि खालच्या कार्बनवर येऊन थांबतं. कार्बनला ते काही करत नाही. पॅच पांढरा येतो, आपण बाटली बंद करतो, आणि खालचे पदर तसेच. म्हणून आलटून-पालटून जायचं: आधी कार्बन काढणारं सॉल्व्हंट, ब्रश, काळं यायचं थांबेपर्यंत पॅच. मग नळी कोरडी करून तांब्याचं सॉल्व्हंट. निळं थांबलं की पुन्हा कार्बनवालं. दुसऱ्या फेरीत पुन्हा काळं आलं तर समजायचं, अजून पदर आहेत. माझ्या रायफलीला पहिल्या खेपेला अशा सहा फेऱ्या लागल्या, तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या फेरीतलं निळं पहिल्या फेरीपेक्षा गडद होतं. ते तांबं वडिलांच्या काळातलं असणार.

हॉप्स नंबर ९ सारखी जुनी नावाजलेली सॉल्व्हंट मुख्यतः कार्बनसाठी चांगली. तांब्यावर त्यांचा जोर कमी. स्वीट्स ७.६२ सारखी अमोनियाची कडक औषधं तांब्यासाठी. दोन्हींची वेळ बाटलीवर लिहिलेली असते आणि ती पाळायची असते. स्वीट्स पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका असं बनवणाराच सांगतो. "रात्रभर ठेव, सकाळी लोण्यासारखं निघेल" हा सल्ला मलाही मिळाला होता. कडक अमोनिया नळीत वाळला तर उघड्या पोलादावर गंज आणि टोच्या (बारीक खड्डे) पाडतो, आणि त्या टोच्या पुढच्या प्रत्येक गोळीचं तांबं धरून ठेवतात. म्हणजे एका रात्रीच्या घाईतून कायमचा रोग.

तिसरं कारण साधं आहे. बाटली मेलेली असते. झाकण सैल राहिलं, कपाटात दोन उन्हाळे गेले, अमोनिया उडून गेला. मग तांबं असूनही पॅच पांढरा येतो. वायरिंगच्या उरलेल्या तांब्याच्या तारेचा तुकडा सोलून झाकणातल्या थेंबभर सॉल्व्हंटमध्ये टाका. एक-दोन तासांत निळसर झाक आली नाही तर ती बाटली टाकून द्या.

आता घरगुती उपायांबद्दल, कारण आपल्याकडे तांबं म्हटलं की हात आपसूक चिंचेकडे जातो. बंब, घागरी, देवघरातली उपकरणी, सगळं चिंच-मिठाने लखलखीत होतं, मग नळी का नाही? कारण चिंच तांबं काढत नाही. तांब्यावरचा काळा थर काढते आणि खालचं तांबं उघडं करते. आपल्याला उलट हवंय, तांबं जायला हवं आणि पोलाद राहायला हवं. चिंचेतलं आम्ल आणि मीठ, दोन्ही पोलादाला गंज चढवतात. एकाने कल्हईवाल्याकडचा नवसागर वापरू का असं विचारलं. प्रश्न वेडगळ नव्हता, नवसागर तापला की त्यातून अमोनिया सुटतोच. पण त्याच्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफही सुटते, आणि क्लोराइड म्हणजे पोलादाचा वैरी. नळीत नवसागर नको.

कल्हईचा आणि बंदुकीचा एक खरा संबंध आहे, तो मला फार आवडतो. कल्हई म्हणजे कथील, आणि तोफखान्यात तांबं साचू नये म्हणून दारूबरोबर हेच कथील किंवा शिसं घालायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी रूढ केली. तापलेल्या नळीत कथील तांब्यात मिसळतं, तांबं ठिसूळ होतं आणि पुढचा गोळा त्याला घेऊन बाहेर पडतो. आज काही दारूंमध्ये त्यासाठी बिस्मथ असतं. आपल्या हातातल्या काडतुसात आपण काही घालू शकत नाही, पण तांबं पोलादाला किती हट्टाने धरतं याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

प्रत्यक्ष काम करताना: रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. .३१५ चा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) ब्रिटिश ली-एन्फिल्ड रायफलीच्या घाटाचा आहे. तो मागे ओढून, त्याचं डोकं वर उचलून बाहेर निघतो, त्यामुळे रॉड चेंबरकडून घालता येतो. तो तिकडूनच घाला. रॉड अखंड, प्लास्टिकचा लेप असलेला. जोडाजोडीचे ॲल्युमिनियमचे रॉड मऊ असतात, त्यात कचकच रुतते आणि तीच नळीला घासते. ब्रश नळीत मध्येच उलटा फिरवू नका, पूर्ण बाहेर काढून मगच परत आणा. पॅच तोंडाबाहेर आला की तिथेच काढून घ्या, मळका पॅच परत आत ओढू नका. पॅचसाठी फलालीन उत्तम, जुन्या धुतलेल्या सुती पंचाचे चौकोन त्याच्या खालोखाल.

सॉल्व्हंट लावल्यावर नळीची दोन्ही तोंडं बुचं मारून बंद करू नका, कारण ऑक्सिजनशिवाय अमोनिया अडून बसतो. खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात, गॅलरी असेल तर उत्तम. हातमोजे घाला. अमोनियाजवळ फरशी धुवायचं ब्लीच किंवा क्लोरीनचं कुठलंही द्रव्य येता कामा नये. दोन्ही मिसळून होणारा वायू फुफ्फुसं जाळतो. लाकडी दस्त्याच्या पॉलिशवरही थेंब पडू देऊ नका. काम संपल्यावर कोरडे पॅच, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक पॅच, पुन्हा कोरडा, आणि शेवटी तेलाचा पातळ हात.

आत नक्की काय चाललंय हे बघायचं असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे मोबाइलला जोडायचे बारीक एंडोस्कोप कॅमेरे मिळतात. साडेपाच मिलिमीटरचा घेतला तर आठ मिलिमीटरच्या नळीत आरामात जातो. कॅमेरा नसेल तर तोंडाकडून टॉर्च तिरकी धरा. पहिल्या इंचभरात आट्यांच्या उंचवट्यांवर तांबूस झाक दिसते. चेंबरकडच्या बाजूला तांबं कार्बनखाली दडलेलं असतं, तिथे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

त्या कॅमेऱ्यातूनच मला चौथं कारण सापडलं. सगळे पदर निघाल्यावर चेंबरच्या पुढे चार-पाच इंचांवर बारीक टोच्या दिसल्या, देवीच्या व्रणांसारख्या. त्या सॉल्व्हंटच्या नव्हत्या, जुन्या होत्या. पूर्वीच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठासारखंच मीठ, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. तेल त्याला विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. म्हणूनच जुने शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. घरी हे माहीत नव्हतं; तेल लावून रायफल चामडी म्यानात ठेवली जायची. तेलाखाली मीठ, आणि चामड्यातही कमावण्याची रसायनं आणि ओल. जुन्या साठ्यातली, जात ठाऊक नसलेली काडतुसं उडवली असतील तर आधी गरम पाणी, मग कोरडं, मग बाकी सगळं. रायफल चामडी म्यानात मुक्कामाला ठेवूच नये.

टोच्या भरून येत नाहीत. बारीक पॉलिशची पेस्ट पॅचवर घेऊन खडबडीतपणा थोडा मोडता येतो, आणि मी तो मोडला, पण फार हात राखून. पंधरा-वीस फेरे, मग धुऊन कॅमेऱ्याने पाहणी. पेस्ट म्हणजे घासून पोलाद काढणं. चेंबरच्या पुढचा भाग आणि तोंडाची कड गोल झाली तर ती रायफल कायमची गेली. ज्याला आत काय दिसतंय हे बघता येत नाही त्याने पेस्टच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पेस्टनंतर माझा ग्रुप दहाऐवजी पंचवीसेक गोळ्या टिकायला लागला. तेवढं मला पुरतं. दर सरावाला नळी शून्यावर आणायचा नाद मी सोडला आहे. पूर्ण नागड्या नळीतून पहिल्या दोन-चार गोळ्या इकडेतिकडे जातात, पातळ थर बसला की ती स्थिरावते, आणि परवान्यावर काडतुसं मोजकी मिळत असताना त्या चार गोळ्या मला जड जातात. आता वहीत गोळ्यांचा हिशोब ठेवतो, दर वेळी कार्बन काढतो, आणि तांबं ग्रुप फाकायची चिन्हं दिसली की.

अपवाद एकच, आणि तो मी कधी चुकवत नाही. रायफल महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर तांबं शून्यावर आणायचं. तांबं आणि पोलाद चिकटलेली आणि मध्ये ओल, ही चक्क बॅटरी होते, आणि त्या जोडीत झिजतं ते पोलाद. निवडणुकांच्या काळात हत्यारं जमा करावी लागतात तेव्हा हे फार महत्त्वाचं. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, पुण्याचं मतदान १३ मे, निकाल ४ जून, मग पावसाळा, आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा. त्या वर्षी ज्यांनी घाईत, सरावावरून आल्या आल्या रायफल जमा केली त्यांच्यातल्या तिघांच्या नळ्या मी नंतर कॅमेऱ्यातून पाहिल्या. तिन्हींत तांब्याच्या पट्ट्यांच्या कडेकडेने तपकिरी गंजाची रेघ होती.

जमा करण्याच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी सुरुवात करा, कारण पदर किती निघतील हे आधी कळत नाही. शेवटी नेहमीपेक्षा थोडं जाड तेल, कापडी पिशवी, आणि ट्रिगर गार्डला दोऱ्याने एक चिठ्ठी: "नळीत तेल आहे. उडवण्याआधी कोरडा पॅच फिरवा." परत मिळाली की ती चिठ्ठी सोडल्याशिवाय मी बोल्ट आत घालत नाही.